ओट्यावरचा संघ

यंदाच्या खुल्या सरावाला मी एकटीच गेले. सीझन सुरू व्हायच्या आधी एका रविवारी आमचा बास्केटबॉलचा संघ चाहत्यांसाठी सराव खुला ठेवतो. लोक मुलाबाळांना घेऊन येतात, खेळाडूंबरोबर फोटो काढतात, मोबाइल उंच धरून शूटिंग करतात. कोर्टवर नवे-जुने सगळे धावत होते, लाकडी जमिनीवर बुटांचा आवाज घुमत होता, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की मी चेंडूकडे बघतच नाहीये. मी बाजूच्या बाकाकडे बघतेय. कोचनं हाक मारली की कोण बाकावरून कसा उठतो, ते बघतेय.

ही सवय माझी नाही. मालतीअक्कांची आहे. ती माझ्याकडे राहिली आणि अक्का गेल्या. मागच्या वर्षी, पुण्याला, मुलाच्या घरी, सीझन अर्ध्यावर असताना.

घरी आल्यावर माझ्याबरोबर राहणाऱ्या रुचानं विचारलं, "मग? कशी आहे यंदाची टीम?" मला काही सांगता येईना. नवा सेंटर कसा आहे, परदेशी खेळाडू चालेल का, यातलं मी बरंच पाहिलं होतं. पण ते मांडून सांगायचं म्हटलं की ओट्याकडे जावं लागतं, आणि ओट्यावर अजून मागच्या वर्षीचा संघ उभा आहे. म्हणून टीमचं राहू दे, आधी अक्कांचं लिहिते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. परीक्षेच्या पेपरापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. जमेल तसं लिहिते.

अक्कांचं घर चामराजपेटमध्ये, दोन बाजूंच्या घरांमध्ये दाबून बसवल्यासारखं अरुंद. खाली अक्का, वर दोन खोल्या मुलींना भाड्यानं. त्यांच्या घराण्याला बंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मराठी बोलायच्या, पण मध्येच "स्वल्प थांब" किंवा "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, असं यायचं. राग आला की पूर्ण कन्नड. मी निपाणीजवळच्या खेड्यातली, त्यामुळे मला ते सगळं समजायचं. पुण्याहून आलेल्या रुचाला पहिले काही महिने अक्का रागावल्या आहेत की नाही हेच कळायचं नाही.

खोली बघायला मी आणि माझे वडील आलो, तो दिवस आठवतो. वडील खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. अक्कांनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाई. साडी जरा वर खोचलेली आणि पायात चक्क पांढरे कॅनव्हासचे बूट.

"बास्केटबॉल खेळतेस?"

"नाही."

"व्हॉलीबॉल?"

"नाही."

"अय्यो, कबड्डी तरी?"

मी मान हलवली. अक्का वडिलांकडे वळल्या. "एवढी उंची दिलीत पोरीला, आणि काय करायला लावलंत?"

"घरची कामं असत्यात की बाई," वडील म्हणाले. "माळ्यावरचं काढून देती."

"वाया गेली हो उंची," अक्का म्हणाल्या, इतक्या मनापासून, की वडील हसले. घरून निघाल्यापासून ते पहिल्यांदा हसले होते. मग अक्कांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि "घे" म्हणून माझ्याकडे फेकली. मला ती झेलता आली नाही. "शिकशील," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांची 'सेंटर' झाले. सेंटर म्हणजे संघातला सगळ्यात उंच, बास्केटखाली उभा राहणारा खेळाडू. माझं नाव सविता आहे हे त्यांना माहीत होतं, पण ते त्या क्वचितच वापरायच्या.

अक्का कुठलीच वस्तू हातात द्यायच्या नाहीत. फेकायच्या. लिंबू, साबण, किल्ल्या, कोथिंबिरीची जुडी, एकदा रुचाचा मोबाइल. आधी "घे" म्हणायच्या, पण "घे" आणि वस्तू बरोबरच यायची. स्वयंपाकघरात बसून त्या दाराजवळच्या बादलीत बटाट्याची सालं टाकायच्या, एकेक, न बघता. माझं साल बाहेर पडलं की म्हणायच्या, "मनगट मागे ओढतेस तू. सुटल्यावरही हात तिकडेच जाऊ दे. दिलं ते मनापासून द्यावं." हे बटाट्याच्या सालाबद्दल.

तरुणपणी त्या एका बँकेत नोकरीला होत्या आणि बँकेच्या महिला संघातून खेळायच्या. गार्ड होत्या, म्हणजे चेंडू घेऊन पुढे येणारी, कोणी कुठे जायचं ते ठरवणारी. यजमान लवकर गेले. मुलगा, मिलिंददादा, पुण्याला. अक्कांचं बाकीचं आयुष्य म्हणजे आमचा संघ. त्याचं नाव हेब्बाळ हेरन्स. हेब्बाळच्या तळ्यावर येणाऱ्या पक्ष्यांवरून ठेवलेलं. हेरन म्हणजे बगळा, म्हणून अक्का त्यांना सरळ 'बगळे' म्हणायच्या. "आमचे बगळे कालही पडले," असं त्या वाण्याच्या दुकानात म्हणाल्या, की नवीन माणूस त्यांच्याकडे काळजीनं बघायचा.

खुल्या सरावाला जायचं ते नागराजअण्णांच्या ऑटोतून. ते समोरच्या घरात राहायचे. मराठी ते गल्लीत राहूनच शिकलेले, आणि संघाचे अक्कांइतकेच जुने भक्त. फरक एवढाच, की नागराजअण्णांना दर वर्षी दर खेळाडू उत्तम वाटायचा.

"अक्का, ह्या वर्षी कप आमचाच बघा."

"गेल्या वर्षीही तुझाच होता. कुठे ठेवलास? सीटखाली?"

"तसं बोलू नका की, सकाळी सकाळी."

पहिल्या वर्षी मी सरावाला गेले ती केवळ अक्कांना नाही म्हणायचं धाडस नव्हतं म्हणून. मला खेळातलं काही कळत नव्हतं. मी चेंडू जाईल तिकडे मान फिरवत होते. अक्कांनी माझी हनुवटी धरून तोंड बाकाकडे वळवलं.

"चेंडू हातात असला की सगळेच शहाणे दिसतात. तिकडे बघ. बसलेले बघ."

"बसलेल्यांत काय बघायचं?"

"उठतात कसे ते." त्यांनी एका जाड्या खेळाडूकडे बोट केलं. "हा बघ. कोचनं बोलावलं. बघ, बघ, गुडघ्यावर हात ठेवून उठला. झालं. आयतु. उठताना हात टेकला की तो खेळाडू संपला. डिसेंबरपर्यंत पाय दुखतो म्हणून बसेल."

आणि तसंच झालं. मला ती जादू वाटली होती. आता वाटतं, जादू नव्हती. अक्का त्या माणसाकडे नीट बघत होत्या, इतकंच.

पण खरी गोष्ट घरी आल्यावर व्हायची. त्या दिवशी अक्कांच्या घरी स्वयंपाक नसायचा, कारण भांडी कामावर असायची. कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलातून, इडल्या आणायच्या, त्या खाली जमिनीवर बसून खायच्या, आणि अक्का ओटा रिकामा करून त्यावर संघ मांडायच्या. ओटा म्हणजे कोर्ट. गॅसची शेगडी उचलून खाली ठेवली जायची. भिंतीवरची फळी म्हणजे राखीव खेळाडूंचा बाक. ओट्यावर पाच, बाकीचे फळीवर.

सेंटर गुरनूर, पंजाबचा, तो पिठाचा उंच डबा. "उंच आहे, पण वळायला वेळ लागतो. आणि झाकण घट्ट. कोचचं आत काही जात नाही." परदेशातून आणलेला मार्को म्हणजे लोणच्याची काचेची बरणी. "महागाची आहे, जपून वापरा. फुटली की वर्ष गेलं." लांबून बास्केट करणारा अरुळ म्हणजे चहाचं पातेलं, "तापलं की थांबत नाही, पण तापेपर्यंत सामना संपतो." एक फॉरवर्ड कुकर होता. आवाज फार, पण रिबाउंडला, म्हणजे बास्केट हुकल्यावर परत येणारा चेंडू पकडायला, त्याच्यासारखा कोणी नाही. रुचा तोंडावर हात ठेवून हसत राहायची. "अक्का, हे रेकॉर्ड करू का? लिटरली टीव्हीवरच्या लोकांपेक्षा भारी आहे."

"नको. प्रेशर कुकरला वाईट वाटेल."

आणि गार्ड, संघाचा कप्तान, चेंगप्पा. तो कूर्गचा. तो म्हणजे अक्कांचा पितळी कॉफी फिल्टर. सासूबाईंच्या काळातला, एका बाजूनं चेपलेला. बाकीची भांडी दर वर्षी बदलायची, खेळाडूही बदलायचे. फिल्टर मात्र ओट्याच्या मधोमध, पहिला मांडला जायचा. त्याच्याबद्दल अक्का काही बोलायच्या नाहीत. नागराजअण्णा मुद्दाम विचारायचे, "आणि कप्तान?" तर म्हणायच्या, "त्याचं काय सांगायचं? तो आहे."

त्यांनी खेळ कसा सोडला, ते त्या अभिमानानं सांगायच्या. एका सामन्यात टाइमआउट झाला, सगळ्या बाकावर बसल्या, आणि शिट्टी वाजल्यावर उठताना अक्कांचा हात गुडघ्यावर गेला. कोणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जर्सी धुऊन, इस्त्री करून कोचच्या टेबलावर ठेवली. "कोणी सांगायच्या आधी उठावं," त्या म्हणायच्या. "साकु. पुरे म्हटलं पुरे." ही गोष्ट मी तीन-चारदा तरी ऐकली असेल. दर वेळी शेवटी त्या हात झटकायच्या, पीठ झटकावं तसा.

माझ्याबद्दलही एक सांगायला हवं, कारण त्यात अक्का आहेत. दुसऱ्या वर्षी मी दोन विषयांत नापास झाले. माझं शाळेपर्यंतचं शिक्षण मराठीतून, इथे सगळं इंग्रजीतून. वर्गात मी मागे बसायचे, विचारायची लाज वाटायची. निकाल लागला त्या दुपारी मी बॅग भरली. अक्का जिना चढून वर आल्या आणि माझ्या बॅगेवरच बसल्या.

"कुठे?"

"घरी. हे मला जमायचं नाही, अक्का."

"कोण म्हणालं?"

"निकाल म्हणतोय."

"गुरनूर पहिल्या वर्षी बाकावरच होता. पूर्ण सीझन. विचार नागराजला. बाकावर बसवलं म्हणजे घरी पाठवलं असं नाही गं. तिथून खेळ बघायचा असतो." मग त्या बॅगेवरून उठल्या. तेव्हा त्या सरळ उठायच्या, कशालाही हात न लावता, साठी ओलांडून कधीच गेली होती तरी. "रुचा इंग्रजी शिकवेल. तिला स्वयंपाक येत नाही, तू तिला तो शिकव. खाली ये आता, लिंबं पिळायची आहेत." दारातून त्यांनी एक लिंबू माझ्याकडे फेकलं. कुठून काढलं कोण जाणे. ते मी झेललं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना धाप लागायला सुरुवात झाली. आधी त्या मान्यच करेनात. जिन्याच्या मध्यावर थांबून आम्हाला भिंतीला आलेली ओल दाखवायच्या. एका उन्हाळ्यात एवढी ओल कुठून येते, हे मला हळूहळू कळलं. मग तपासण्या झाल्या. फुप्फुसांचं दुखणं होतं, बरं न होणारं. डॉक्टर कन्नडमध्ये बोलले आणि अक्कांनी मला मराठीत सांगितलं, "स्वल्प त्रास आहे म्हणतात." मी शेजारीच उभी होते. मला कन्नड येतं, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी तसं सांगितलं आणि मी मान हलवली.

मिलिंददादांचे फोन सुरू झाले. पुण्यात त्यांच्या घराजवळ मोठं हॉस्पिटल होतं, ओळखीचे डॉक्टर होते. ते चांगले आहेत, मला त्यांच्याबद्दल काही वाईट लिहायचं नाही. आईला एकटं कसं ठेवणार? अक्कांचं म्हणणं एवढंच, की सीझनची पहिली मॅच बंगळुरात आहे, ती बघते आणि येते.

"आई, मॅच तिकडेही दिसेल. टीव्हीवर."

"टीव्हीवर बाक दिसत नाही रे," अक्का म्हणायच्या.

मिलिंददादांना ते कळायचं नाही. आम्हाला कळायचं. अक्का मला म्हणाल्या, "मला दुसरं काही नको. एक मॅच. बगळ्यांना एकदा उठताना बघते आणि जाते."

त्या वर्षीच्या खुल्या सरावाला जाताना नागराजअण्णा ऑटो इतकी हळू चालवत होते, की मागून येणारे हॉर्न वाजवून शिव्या देत होते. अक्का म्हणाल्या, "अरे, अजून जिवंत आहे मी, जरा पळव." नागराजअण्णा हसले नाहीत.

स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्यांना दोनदा थांबावं लागलं. मी हात पुढे केला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो माझ्या केसांकडे नेला. आत बसल्यावर मात्र त्या जुन्या अक्का झाल्या. इम्रान नावाचा शहरातलाच एक नवा पोरगा आला होता, गार्ड. विजेसारखा. चेंडू त्याच्या हाताला चिकटल्यासारखा. नागराजअण्णा उभे राहून टाळ्या वाजवत होते. अक्काही त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर नकळत चेंडू आपटल्यासारखा हलत होता.

मग कोचनं चेंगप्पाला बोलावलं.

चेंगप्पा बाकाच्या टोकाला बसला होता. त्यानं पाणी प्यायलं, बाटली खाली ठेवली. आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, हळूच, उठला. क्षणभर वाकलेलाच राहिला. मग सरळ होऊन पळत गेला.

मी अक्कांकडे पाहिलं नाही. मला भीती वाटली. नागराजअण्णांनीही पाहिलं होतं. अक्कांच्या संगतीत इतकी वर्षं काढल्यावर कोणाच्या नजरेतून ते सुटलं असतं? परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा अक्का बाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "इडल्या जास्त घे आज. नागराज जेवला नाहीये."

ओटा रिकामा झाला. शेगडी खाली उतरवली. अक्का उभ्या राहू शकत नव्हत्या, म्हणून लाकडी पाटावर बसल्या आणि मला सांगू लागल्या, कुठलं भांडं कुठे. पिठाचा डबा आला. नवीन परदेशी खेळाडूला बरणी मिळाली. कुकर आला. पातेलं आलं, "यंदा लवकर तापतोय अरुळ, चांगलं लक्षण आहे." बोलताना त्यांना मध्ये मध्ये श्वास घ्यावा लागत होता, आणि आम्ही तिघं त्या वेळात उगाच इडलीकडे बघत होतो. इम्रानसाठी रुचानं आपला नवा स्टीलचा तांब्या दिला. तो माझ्या हातात होता. पितळी फिल्टर माझ्या दुसऱ्या हातात होता. ओट्यावर गार्डची एकच जागा उरली होती.

"काय बघतेस?" अक्का म्हणाल्या. "फिल्टर ठेव. तांब्या फळीवर."

मी हलले नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, त्यांनी पाहिलंच नसेल. शेवटी घाबरत घाबरत म्हटलं, "अक्का, त्यानं हात टेकला."

"टेकला. दोन्ही टेकले. मी बघत होते."

नागराजअण्णांना राहवलं नाही. ज्या माणसाला सगळेच खेळाडू आवडायचे, तो म्हणाला, "अक्का, चेंगप्पा आयतु. तुमचाच नियम. पोराला घ्या. काय हात आहे त्याचा!"

"पोरगा चांगला आहे. त्याची पुढे दहा वर्षं आहेत. दोन महिने फळीवर बसला तर मरत नाही."

"पण नियम?"

"नियम केला तेव्हा माझे गुडघे चांगले होते, नागराज."

मी फिल्टर ओट्यावर ठेवला, मधोमध. चेपलेली बाजू भिंतीकडे केली. "नाही, इकडे कर," अक्का म्हणाल्या. "दिसू दे." मी ती बाजू पुढे केली.

नागराजअण्णा गेले. रुचा ऑफिसचा फोन आला म्हणून वर गेली. मी इडलीचे कागद गोळा करत होते. अक्का पाटावरच होत्या. त्या ओट्याकडे बघत म्हणाल्या, "मला कोणी जा म्हणालं नव्हतं गं."

मला आधी कळलं नाही, कशाबद्दल.

"जर्सी ठेवली ना मी टेबलावर. तर कोच घरी आला. म्हणाला, मालती, अजून एक सीझन रहा. गुडघ्याचं बघू. पोरींना तू हवीस. मी म्हटलं, नाही, साकु." त्या थांबल्या. श्वासासाठी की आणखी कशासाठी, सांगता येत नाही. "त्या वर्षी आमच्या पोरी फायनलला गेल्या. मी घरात बसून होते. ऐटीत. हे मी कोणाला सांगत नाही. हात टेकून उठता येत होतं की मला. उठता येत होतं ना? मग उठायचं होतं."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्या म्हणाल्या, "चल, तो कागद बादलीत टाक." मी बसल्या जागेवरून फेकला. आत गेला. "आता मनगट नीट आहे," त्या म्हणाल्या.

पहिली मॅच त्यांना मिळाली नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी वेळ दिली ती आधीची. मिलिंददादांनी ती बदलून घ्यायचा प्रयत्न केला होता, हे मला माहीत आहे, कारण अक्कांना न्यायला आले तेव्हा ते फोनवर कोणाशी तरी खूप बोलत दारासमोर फेऱ्या मारत होते. शेवटी अक्काच म्हणाल्या, "सरी. चल."

त्या पुण्याला गेल्यानंतरचं आधी सांगते, कारण मला शेवट तिथे करायचा नाही. पहिल्या मॅचला मी आणि नागराजअण्णा गेलो. मध्यंतराच्या थोडं आधी माझा फोन वाजला. गोंगाटात अक्कांचा आवाज फार बारीक येत होता. त्यांनी स्कोर विचारला नाही.

"चेंगप्पाला बोलावलं?"

"आत्ताच बोलावलं, अक्का."

"उठला?"

"उठला."

"कसा?"

मी खोटं बोलू शकले असते. "हात टेकून," मी म्हटलं.

"हं. पळतोय?"

मी बघितलं. तो इम्रानकडून चेंडू घेऊन पुढे येत होता, हात वर करून बाकीच्यांना जागा दाखवत होता. "पळतोय. सगळ्यांना ओरडतोय."

"मग झालं," त्या म्हणाल्या. फोन कट झाला नाही. त्यांनी तो तसाच ठेवला होता, आणि मीही तो कोर्टच्या बाजूला धरून ठेवला, आवाज जावा म्हणून. सामना आम्ही हरलो. त्यानंतर त्यांच्याशी माझं दोनदा बोलणं झालं, मग मिलिंददादाच फोन उचलायचे, आणि मग एका सकाळी त्यांनीच फोन केला.

घर मिलिंददादांनी अजून ठेवलंय. आम्ही मुली तिथेच राहतो. शेगडी आम्ही खालीच ठेवली आहे, एका स्टुलावर. स्वयंपाक करताना वाकावं लागतं, मला जास्तच. ओट्यावर पाच भांडी आहेत, फळीवर बाकीची. पिठासाठी रुचानं नवीन डबा आणला. यंदा चेंगप्पा संघात नाही, त्यानं स्वतःच सोडलं. फिल्टर काढायला हवा, हे मला कळतं. पण मी अजून हात लावलेला नाही.

आता त्या निघाल्या ते सांगते.

सकाळची वेळ होती. विमानतळाला जायला मिलिंददादांनी गाडी बोलावली होती, पण नागराजअण्णा ऐकेनात, म्हणून चामराजपेटच्या नाक्यापर्यंत तरी त्यांच्या ऑटोतून जायचं ठरलं. गाडी मागून येणार होती. सामान आधीच ठेवलं होतं. अक्का दारातल्या पायरीवर बसून बूट घालत होत्या, ते पांढरे कॅनव्हासचे. लेस त्यांनी स्वतः बांधली. त्याला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही. मिलिंददादा ऑटोजवळ उभे होते, रुचा रडून आत गेली होती. मी पायरीच्या खाली उभी होते.

अक्कांनी पदराच्या गाठीतून घराची किल्ली काढली. मी झेलायला हात पुढे केले, सवयीनं. त्यांनी ती फेकली नाही. माझा तळहात धरला आणि त्यात ठेवली, आणि बोटं मिटून दिली.

मग त्या उठायला गेल्या. अर्ध्या उठल्या आणि खाली बसल्या. मिलिंददादा पुढे आले, नागराजअण्णा पुढे आले. अक्कांनी दोघांनाही हातानं थांबवलं. पायरीवर हात टेकला, मग काढला. मग वर पाहिलं. माझ्याकडे.

"सेंटर. इकडे ये. जवळ."

मी वाकले. त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, मग दुसरा. त्या फार हलक्या झाल्या असतील असं मला वाटलं होतं. नव्हत्या. सगळा भार त्यांनी माझ्यावर टाकला, काही राखून न ठेवता. मी हळूहळू सरळ होत गेले आणि माझ्याबरोबर त्या वर आल्या. उभ्या राहिल्यावरही त्यांनी हात काढले नाहीत. धाप लागली होती. माझ्या गळ्याजवळ त्यांचा श्वास लागत होता.

"उंची कामाला आली की गं," त्या म्हणाल्या.

मग हात काढले, साडी जरा वर खोचली, आणि ऑटोपर्यंत स्वतः चालत गेल्या.